चॅटबॉटचे टोकन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्ट कंपनीच्या ‘ड्रिफ्ट’ चॅटबॉटची ओऑथ टोकने, म्हणजे ग्राहकांच्या खात्यांत पासवर्डशिवाय शिरू देणारे डिजिटल परवाने, चोरीला गेल्याचे उघड झाले. ती वापरून ८ ते १८ ऑगस्टदरम्यान चोरांनी शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्स खात्यांतला डेटा उपसला. क्लाउडफ्लेअर, झीस्केलर, पालो आल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षेचाच धंदा करणाऱ्या कंपन्याही सुटल्या नाहीत. टोकनांबद्दल रुळलेले काही समज या घटनेच्या आधाराने तपासून पाहू.

गैरसमज १: खात्याला ओटीपी आहे, टोकन चोरून काय होणार?
वस्तुस्थिती: ओटीपी विचारला जातो तो टोकन देण्याआधी. एकदा ते दिले की पुढे कोणी ओळख विचारत नाही. बहुतेक टोकने ‘बेअरर’ प्रकारची, म्हणजे धारक चेकसारखी असतात: ज्याच्या हाती, त्याला रक्कम. ड्रिफ्टच्या चोरांना ग्राहक कंपन्यांचे पासवर्ड लागलेच नाहीत.

गैरसमज २: टोकन अगम्य दिसते, म्हणजे ते एन्क्रिप्टेड आहे.
वस्तुस्थिती: नेहमीच्या जेडब्ल्यूटी टोकनावर सही असते, कुलूप नसते. त्यातला मजकूर बेस-६४ मध्ये लिहिलेला असतो आणि कोणीही क्षणात उलगडू शकतो. कुबरनेटीसच्या ‘सीक्रेट’चेही तेच. वेगळी सोय केली नाही, तर ते साठवणीत एन्क्रिप्ट न होताच पडून राहते.

गैरसमज ३: रिपॉझिटरी खासगी आहे, टोकन कोडमध्येच ठेवले तर चालते.
वस्तुस्थिती: मार्च ते जून २०२५ या काळात चोर सेल्सलॉफ्टच्या गिटहब खात्यात वावरत होते. पुढे ते ड्रिफ्टच्या एडब्ल्यूएस खात्यात शिरले आणि टोकने तिथून गेली. शिवाय कोडमधली ओळ पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच. टोकनाची जागा एडब्ल्यूएस सीक्रेट्स मॅनेजर, ॲझ्युअर की व्हॉल्ट किंवा गूगल सीक्रेट मॅनेजरसारख्या सेवेत. ती सेवा उघडण्यासाठी आणखी एक किल्ली कोडमध्ये लिहू नये. बॉटला क्लाउडमधली ‘रोल’ द्यावी, तीही फक्त हव्या त्या टोकनापुरती.

गैरसमज ४: टोकन अशा सेवेच्या तिजोरीत ठेवले की काम संपले.
वस्तुस्थिती: टोकनाचे आयुष्यही पाहावे लागते. गूगलचे ॲक्सेस टोकन साधारण तासभर चालते. स्लॅकमध्ये रोटेशन सुरू केले तर १२ तास. टेलिग्रामच्या बॉटचे टोकन मात्र बॉटफादरकडून रद्द करेपर्यंत चालूच राहते. मुदत नसलेले टोकन असेल तर ते ठराविक काळाने बदलण्याची जबाबदारी आपली. तिजोरीतून काढलेले टोकन एरर-लॉगमध्ये छापले जात असेल, तर तिजोरीचा उपयोग शून्य.

गैरसमज ५: मुदत संपली की नवे टोकन मागायचे, रिफ्रेशमध्ये एवढेच.
वस्तुस्थिती: खरी पंचाईत इथेच होते. क्लाउडवर एकाच बॉटच्या अनेक प्रती चालतात. नवे ॲक्सेस टोकन मागण्यासाठीचे रिफ्रेश टोकन अनेक सेवांत एकदाच वापरता येते. वापरताच जुने बाद होऊन नवे मिळते. दोन प्रतींनी एकाच वेळी जुने पुढे केले, तर सर्व्हरला चोरीचा संशय येऊन तो सगळी साखळीच रद्द करू शकतो. मग वापरकर्त्याला पुन्हा लॉगिन करावे लागते आणि दोष नेटवर्कला दिला जातो. उपाय असा: सामाईक साठ्यात लॉक ठेवून एकाच प्रतीला रिफ्रेश करू द्यावे, नवी जोडी मिळताच आधी साठवावी, मग वापरावी. मुदत संपायच्या काही मिनिटे आधीच हे उरकावे.

गैरसमज ६: चोरी कळली की पासवर्ड बदलला, विषय संपला.
वस्तुस्थिती: पासवर्ड बदलल्याने दिलेली टोकने रद्द होतीलच असे नाही, ती वेगळी रद्द करावी लागतात. २० ऑगस्टला ड्रिफ्टची सेल्सफोर्सशी जोडलेली सगळी टोकने अशीच रद्द झाली. पण चोरांचा डोळा मुख्यतः नेलेल्या डेटातल्या इतर किल्ल्यांवर होता. मदत मागताना ग्राहक चॅटमध्ये आणि तक्रारींत स्वतःचे पासवर्ड, एपीआय टोकने चिकटवतात. क्लाउडफ्लेअरला चोरीला गेलेल्या मजकुरात आपली १०४ एपीआय टोकने सापडली आणि ती सगळी बदलावी लागली. म्हणून बॉटच्या टोकनाइतकीच काळजी बॉटला मिळालेल्या मजकुराचीही घ्यावी: किल्लीसारखे काही दिसले, तर ते साठवण्याआधीच झाकावे.