निर्बंधन पचन : विक्रियाकारकांच्या घनफळांचे गणन

डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) या आनुवंशिक द्रव्याचे निर्बंधन एंझाइमांच्या साहाय्याने ठराविक स्थानी तुकडे करण्याच्या प्रक्रियेस निर्बंधन पचन म्हणतात. ही एंझाइमे सूक्ष्मजंतूंत आढळतात व बाहेरून शिरणाऱ्या व्हायरसांच्या डीएनएपासून त्यांचे रक्षण करतात. प्रत्येक एंझाइम क्षारकांचा विशिष्ट क्रम ओळखते, उदा., ईकोआरआय हे जीएएटीटीसी हा क्रम ओळखून जी व ए यांच्यामध्ये छेद घेते. या एंझाइमांचा शोध व उपयोग यांबद्दल व्हेर्नर आर्बर, डॅन्येल नेथन्स व हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विक्रियेत डीएनए, उभयप्रतिरोधी विद्राव, एंझाइम व निर्जंतुक पाणी हे चार घटक असतात. प्रथम एकूण घनफळ ठरवितात, नंतर पहिल्या तीन घटकांची घनफळे काढतात आणि उरलेली जागा पाण्याने भरतात.

समजा, एकूण घनफळ २० मायक्रोलिटर असून त्यात १ मायक्रोग्रॅम डीएनए हवे आहे. डीएनएच्या विद्रावाची संहती दर मायक्रोलिटरला ०·२५ मायक्रोग्रॅम असल्यास १ ÷ ०·२५ = ४ मायक्रोलिटर विद्राव लागतो. उभयप्रतिरोधी विद्राव दसपट संहत मिळत असल्याने तो एकूण घनफळाच्या एकदशांश, म्हणजे २ मायक्रोलिटर घेतात. ईकोआरआयचे एक एकक म्हणजे ३७° से. तापमानास एका तासात १ मायक्रोग्रॅम लँब्डा व्हायरसाच्या डीएनएचे पूर्ण पचन करणारी मात्रा होय. नमुन्यातील अशुद्धी लक्षात घेऊन व्यवहारात याच्या पाच ते दहा पट मात्रा वापरतात. दर मायक्रोलिटरला १० एकके असलेले १ मायक्रोलिटर एंझाइम येथे पुरते. म्हणून पाणी २० – (४ + २ + १) = १३ मायक्रोलिटर लागते. पाणी आधी व एंझाइम सर्वांत शेवटी घालतात.

एंझाइम –२०° से. तापमानास सुमारे ५० टक्के ग्लिसरॉलात साठवितात. विक्रियेत ग्लिसरॉल ५ टक्क्यांहून अधिक झाल्यास काही एंझाइमे मूळ क्रमाशी केवळ साधर्म्य असलेल्या स्थानीही छेद घेतात. यासाठी एंझाइमाचे घनफळ एकूण घनफळाच्या एकदशांशाहून अधिक नसावे. दोन एंझाइमे एकत्र वापरल्यास ही मर्यादा त्यांच्या बेरजेला लागू होते. वरील उदाहरणात ग्लिसरॉल २·५ टक्केच भरते.

डीएनएचा विद्राव विरल असल्यास एकूण घनफळ वाढवितात. दर मायक्रोलिटरला ०·०५ मायक्रोग्रॅम संहतीचा विद्राव २० मायक्रोलिटर लागत असल्याने ५० मायक्रोलिटर विक्रियेत उभयप्रतिरोधी विद्राव ५, एंझाइम १ व पाणी २४ मायक्रोलिटर घेतात.

सारख्या संहतीचे आठ नमुने असल्यास पाणी, उभयप्रतिरोधी विद्राव व एंझाइम यांचे नऊ विक्रियांना पुरेल इतके मिश्रण एकदम करतात : अनुक्रमे ११७, १८ व ९, एकूण १४४ मायक्रोलिटर. प्रत्येक नळीत त्यातील १६ व डीएनएचे ४ मायक्रोलिटर घालतात. जादा भाग हाताळणीतील घट भरून काढतो व अतिसूक्ष्म घनफळे वारंवार मोजण्यातील त्रुटी टळते.

गणन चुकल्यास निष्कर्षही चुकतो. लँब्डा व्हायरसाच्या रेषीय डीएनएत ४८,५०२ क्षारक-जोड्या असून ईकोआरआयची पाच स्थाने आहेत; पूर्ण पचनाने त्याचे सहा तुकडे होतात. एंझाइम कमी पडल्यास काही स्थाने न तुटता राहतात व जोडलेल्या मोठ्या तुकड्यांचे जादा पट्टे जेल विद्युत् संचारणात दिसतात. त्यांवरून काढलेला छेदस्थानांचा नकाशा खोटा ठरतो. हे ताडण्यासाठी एका नळीत एंझाइमाऐवजी तितकेच पाणी घालून न तोडलेल्या डीएनएशी, तर दुसरीत ज्ञात डीएनएचे पचन करून अपेक्षित तुकड्यांशी तुलना करतात.