आवणीच्या दिवसांतली मुलं

वैशाखरे हे माळशेज घाटाच्या पायथ्याचं गाव. इथल्या मुरबाड आणि शेजारच्या शहापूर तालुक्यांत गेल्या पन्नास वर्षांत मुलं कशाने दगावली, हे मागे वळून पाहिलं की दोन वाटा फुटलेल्या दिसतात. गोवर, धनुर्वात लसींपुढे हटले. पोलिओचे डोस १९९५ पासून पाड्यापाड्यांवर गेले, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा सरकारला हलावं लागलं. विहिरीत पडलेल्या, विषारी दंशाने किंवा भाजून गेलेल्या मुलासाठी मात्र कोणी हललं नाही. गावाने नशीब म्हटलं, पंचनाम्यात 'अकस्मात मृत्यू' लिहिलं गेलं.

नशीब बदलता येतं, याचा पुरावा कोकणातच आहे. १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीत डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली मुलं यायची: दरदरून घाम, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. दहातली चार वाचत नसत. बावस्करांनी रात्र रात्र उशाशी बसून हे नोंदवलं आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. त्यांच्या नोंदी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापल्या. पुढे मृत्यूचं प्रमाण शंभरात एकापर्यंत खाली आलं. मला यात गोळीइतकीच ती नोंद मोलाची वाटते.

मण्यारीच्या दंशाचं कोडं अजून सुटलेलं नाही. जमिनीवर झोपलेल्या मुलाला ती रात्री चावते, दुखतही नाही फारसं. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, श्वास अडकतो. नुसतं प्रतिविष टोचून भागत नाही, कृत्रिम श्वासाचं यंत्र लागतं आणि ते शहराकडे. २०१४ मध्ये १०८ ची गाडी आली, रस्ते रुंद झाले, म्हणून काही मुलं वेळेत पोचू लागली. त्याच रस्त्यांवर भरधाव वाहनंही आली, आणि मुरूम काढलेले खड्डे पावसात भरू लागले.

बुडण्याबद्दल बांगलादेशने डोळे उघडले. तिथे लहानगी बुडतात ती बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, आई कामात असताना. गावातच त्या वेळेपुरती पाळणाघरं चालवली, तिथे बुडणं खूप घटलं. आपल्याकडे आवणीत, म्हणजे भातलावणीत, हाच प्रसंग येतो. घरची सगळी मोठी माणसं चिखलात, वहाळ दुथडी, विहिरीला कठडा नाही. मूल सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. अंगणवाडीत मूल बसतं तिसऱ्या वर्षापासून. नुकतं चालायला लागलेलं, सर्वांत धोक्यातलं मूल घरीच राहतं. हिवाळ्यात वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांचं मूल तर अंगणवाडीपासूनही तुटतं.

२०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिन्यांपासूनच्या मुलांचं पाळणाघर चालवता येतं. आवणीआधीच्या ग्रामसभेत त्याचा ठराव व्हावा, पाड्यातल्याच दोन बायांना त्याचा रोज मिळावा, आणि त्याच ठरावात गावातल्या उघड्या विहिरींची यादी जोडावी.