गारठ्याची चढाओढ

गेल्या सव्वाशे वर्षांत तापमानाचे उच्चांकही मोडले आणि नीचांकही. मला विचाराल तर नीचांकांची गोष्ट जास्त रंगतदार. तापवायचं म्हणजे जोर लावत राहायचं. गार करायचं म्हणजे आहे ती उष्णता काढून घ्यायची. ती काढता काढता उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला, म्हणजे शून्य केल्विनला, वाट संपते, आणि तिथवर कुणालाच पोहोचता येत नाही.

१८९८ मध्ये लंडनला जेम्स ड्यूअर यांनी हायड्रोजनचा द्रव केला. तापमान सुमारे २० केल्विन. आता उरला एकटा हेलियम. (त्याच वर्षी जानेवारीत नॉर्मन लॉकियर खग्रास ग्रहणासाठी आपल्या विजयदुर्गला आले होते. सूर्यप्रकाशातला हेलियम त्यांनी याच किल्ल्यावरून शोधला, असं कोकणात अभिमानाने सांगतात. पण तो शोध १८६८चा, आणि तेव्हा लॉकियर होते इंग्लंडात.)

हेलियमवर मात केली हॉलंडमधल्या लायडेनच्या हाइके कामरलिंग ओनेस यांनी. मोनाझाइट वाळू तापवून त्यांनी हा वायू जमवला होता. १० जुलै १९०८ रोजी पहाटे पावणेसहाला काम सुरू झालं. दुपारपर्यंत द्रवरूप हायड्रोजन तयार. मग हेलियमची फेरी. संध्याकाळी तापमापक एका जागी अडला, काही केल्या खाली उतरेना. पाहायला आलेल्या एका सहकाऱ्याने सुचवलं, भांड्यावर खालून उजेड टाकून बघा. टाकला, तर द्रवाची कड लख्ख दिसली. भांडं जवळपास भरलेलं होतं आणि कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं! साठेक मिलिलिटर हेलियम, ४.२ केल्विनला. तो गोठवायची खटपट मात्र ओनेसना आयुष्यभर साधली नाही. ते गेले त्याच वर्षी, १९२६ मध्ये, त्यांचे शिष्य केसोम यांनी ते केलं.

त्या द्रवात बुडवलेल्या पाऱ्याचा विद्युतरोध १९११ मध्ये एकाएकी नाहीसा झाला. ही अतिसंवाहकता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ती शुद्ध बिस्मथमध्येही सापडली, पण त्यासाठी ०.०००५३ केल्विनपर्यंत उतरावं लागलं.

आकाश एवढं गार नाही. अवकाशभर २.७ केल्विनचं प्रारण आहे. बूमरँग तेजोमेघ तेवढा पसरता पसरता एका केल्विनपर्यंत निवला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत बोल्डरला कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमचे अणू केल्विनच्या १७० अब्जांशापर्यंत गार केले. सत्येंद्रनाथ बोस यांच्या गणितावरून आइनस्टाइन यांनी सत्तर वर्षांपूर्वी वर्तवलेली अवस्था अखेर प्रत्यक्ष दिसली.

उच्चांकही प्रयोगशाळेतलाच: २०१२ मध्ये सर्न येथे शिशाची अणुकेंद्रकं आदळवून साडेपाच लाख कोटी अंश. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी. गंमत म्हणजे या टकरी घडवणारे चुंबक चालतात १.९ केल्विनला, द्रवरूप हेलियमच्या जोरावर. सप्टेंबर २००८ मध्ये तिथला एक विद्युतजोड बिघडला, काही टन हेलियम बोगद्यात गळला आणि नवंकोरं यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिलं.