खून एक, संशयित सारी गल्ली

रहस्यकथा म्हटली, की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आजही मुंबईतील रात्र उभी राहते. भरधाव मोटार, बंदराजवळचे गोदाम, पिस्तुलाचा आवाज आणि ऐन वेळी प्रकट होणारा नायक. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून हे चित्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनावर ठसवले. परंतु रहस्यकथांच्या जाणकार वाचकाला विचारले, तर तो या धावपळीपासून दूर असलेल्या आणखी एका शाखेचे नाव घेतो. तिला इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' म्हणतात. मराठीत तिला 'घरगुती रहस्यकथा' म्हणता येईल. या कथेला महानगर लागत नाही. धुळ्यासारखे शहर तिला अधिक मानवते. तिच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहणेही पुरेसे नाही. संशय आणि पुरावा यांतील अंतर सोप्या रीतीने शिकवणारे वाङ्मय मराठीत फारसे नाही आणि या जिल्ह्याला त्याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

घरगुती रहस्यकथा म्हणजे काय?

या प्रकारात खून होतो, पण तो पडद्याआड. रक्तामांसाची वर्णने नसतात. शोध घेणारी व्यक्ती बहुधा पोलिस खात्यातील नसते. एखादी वृद्ध स्त्री, शिक्षक, ग्रंथपाल किंवा दुकानदार हे काम करतो. घटनास्थळ लहान असते आणि संशयित एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत असतात. गुन्हेगार बाहेरून आलेला नसतो, तो त्याच पंगतीत जेवत असतो. या कथेची सारी धार एवढ्या एका गोष्टीत आहे.

अगाथा ख्रिस्ती हे या परंपरेतील सर्वांत मोठे नाव. तिचा हर्क्यूल पायरो हा बेल्जियन गुप्तहेर १९२० मध्ये वाचकांपुढे आला, तर मिस मार्पल ही अविवाहित वृद्धा १९३० मध्ये कादंबरीची नायिका झाली. सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यात मार्पलबाईंचे आयुष्य गेले. विणकाम करता करता त्या माणसांचे निरीक्षण करतात. एखाद्या श्रीमंत गृहस्थाचे वागणे पाहून त्यांना गावातील कुणा साध्या माणसाची लबाडी आठवते आणि तेथून धागा सापडतो. गावातील माणसे नीट कळली की जग कळते, अशी या कथांमागची धारणा आहे.

गुन्हेगारी कादंबरी यापेक्षा वेगळी. खून कोणी केला, यापेक्षा तो का घडला आणि तो घडू देणारा समाज कसा आहे, याचा शोध तिला घ्यायचा असतो. तेथे पोलिस थकलेले असतात, न्याय अर्धवट मिळतो आणि शेवटच्या पानानंतरही अस्वस्थता उरते. घरगुती रहस्यकथेच्या शेवटी मात्र घडी पुन्हा बसते. जाणकार वाचक दोन्ही प्रकार वाचतो, पण त्यांच्याकडून एकच अपेक्षा ठेवत नाही.

लेखकाने पाळायचा करार

रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातील करार असतो. इंग्लंडमधील लेखक व धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये त्याचे दहा नियमच मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या आरंभीच्या भागात आला पाहिजे. भुताखेतांचा आधार घेता येणार नाही. गुप्तहेराला योगायोगाने उत्तर सापडता कामा नये. त्याच्या हाती लागलेला प्रत्येक दुवा वाचकालाही दिसला पाहिजे. नियम थोडे गमतीने लिहिलेले असले, तरी त्यांचा गाभा आजही टिकून आहे. ख्रिस्तीच्या १९२६ मधील 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' या कादंबरीच्या शेवटावर वाद झाला, तोही लेखिकेने हा करार पाळला की मोडला, याच प्रश्नावरून.

जाणकार वाचकाच्या तक्रारीही याच कराराभोवती फिरतात. शेवटच्या प्रकरणात प्रथमच दिसणारा गुन्हेगार, अचानक सापडणारी रोजनिशी, स्वतःहून लांबलचक कबुली देणारा खुनी या सगळ्याला तो फसवणूक मानतो. केवळ धक्का देण्यासाठी दिलेली कलाटणी त्याला आवडत नाही. पुस्तक मिटल्यावर मागील पाने पुन्हा चाळली, तर खुणा तेथेच होत्या आणि आपणच त्या ओलांडून पुढे गेलो, असे वाटले पाहिजे. त्या वेळी वाचकाला होणारा आनंद हीच रहस्यकथेची खरी कसोटी होय.

मराठी परंपरा साहसाची

मराठीत या प्रकाराला वाचक कधीच कमी पडले नाहीत. अर्नाळकरांचे झुंझार, काळा पहाड व धनंजय हे नायक घरोघरी पोहोचले. १९९६ मध्ये अर्नाळकरांचे निधन झाले. गुरुनाथ नाईक यांनीही शेकडो कादंबऱ्या लिहिल्या; २०२१ मध्ये ते गेले. सुहास शिरवळकरांनी अमर विश्वास हा वकील, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद अशी पात्रे उभी केली. 'दुनियादारी'मुळे नव्या पिढीला माहीत असलेले शिरवळकर आधी रहस्यकथाकार म्हणून वाचले जात होते. योगिनी जोगळेकरांनीही शरद शहाणे या गुप्तहेराच्या कथा लिहिल्या.

या लेखनाचा मोठा भाग वेगाचा आणि साहसाचा आहे. वेषांतर, पाठलाग, टोळ्या, अपहरण यांची त्यात रेलचेल असते. त्याची गोडी नाकारण्याचे कारण नाही, कारण अनेकांना वाचनाची सवय याच पुस्तकांनी लावली. पण त्यात नायक जिंकतो तो बहुधा धैर्याने. पुरावे मांडून, एकेक शक्यता खोडून, सर्वांसमक्ष उत्तर सिद्ध करण्याची पद्धत तुलनेने कमी आढळते. ती हौस मराठी वाचकाने अनुवादांवर भागवली. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला आणि अशोक जैन यांनी सत्यजित राय यांचा फेलुदा. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९९३ मध्ये दूरदर्शनवर आला. तो स्वतःला गुप्तहेर न म्हणता 'सत्यान्वेषी' म्हणवून घेतो, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एक विरोधाभासही नोंदवला पाहिजे. जगभर वाचला गेलेला एक मराठी आडनावाचा तपास अधिकारी इंग्रजी लेखकाने निर्माण केला. एच. आर. एफ. कीटिंग यांचा मुंबई पोलिसांतील इन्स्पेक्टर गणेश घोटे १९६४ मध्ये अवतरला, तेव्हा कीटिंग यांनी भारत पाहिलेलाही नव्हता.

धुळ्याची पार्श्वभूमी

अशा कथेला लागणारे सारे साहित्य धुळ्यात आहे. शहर फार मोठे नाही आणि फार लहानही नाही. जुन्या धुळ्यातील अनेक गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची वाटणी रखडली, कोणाचे दुकान कर्जात आहे, हे गल्लीला ठाऊक असते. पांझरेच्या काठचे हे शहर मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर या महामार्गांवर आहे. त्यामुळे अनोळखी माणूसही येथे रोज दिसतो. संशय घ्यायला बाहेरचा माणूस आणि प्रत्यक्ष गुन्हा करायला ओळखीचा, अशी रहस्यकथेला हवी असलेली मांडणी येथे आयती मिळते.

पुराव्याची शिस्त तर या शहराला वारशानेच मिळालेली आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ येथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे गावोगाव फिरून जुन्या वाड्यांतील दप्तरे मिळवत. अस्सल कागद हाती असल्याशिवाय इतिहास लिहू नये, हा त्यांचा आग्रह होता. १९०२ मध्ये त्यांनी 'कादंबरी' या विषयावर निबंधही लिहिला. कागद कोणाचा, कोणत्या हेतूने लिहिलेला, त्याला दुसऱ्या कागदाचा दुजोरा आहे काय, हे संशोधकाचे प्रश्न आणि चांगल्या गुप्तहेराचे प्रश्न एकच असतात.

पहिला संशय

घरगुती रहस्यकथेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ती मृत्यूला गोड करते, मृत व्यक्तीसाठी तेथे कोणी फारसे रडत नाही आणि समाजातील विषमता चहाच्या कपाआड दडते, असे टीकाकार म्हणतात. आक्षेप बराचसा खरा आहे. जुन्या इंग्रजी कथांत मोलकरीण व परदेशी माणूस यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते, ती आज खटकते. मात्र त्याच कथांचा एक नियम या नजरेविरुद्ध जातो. ज्याच्यावर सर्वांचा पहिला संशय जातो, तो तेथे बहुधा निर्दोष असतो. गावाला तो गुन्हेगार हवा असतो, कारण तो गरीब, एकटा किंवा परका असतो. गुप्तहेर मात्र 'पुरावा कोठे आहे?' असे विचारतो आणि गावाची सोयीची समजूत मोडतो.

खानदेशात हा प्रश्न पुस्तकापुरता नाही. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण संशयाची सवय गेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारण्यात आले. पुरावा कोठे आहे, हे विचारायला तेथे कोणी थांबले नाही.

एखादी कादंबरी वाचून जमाव थांबला असता, असा दावा कोणी करणार नाही. तरीही पहिल्या संशयावर विश्वास न ठेवण्याची सवय कोठून तरी लागावी लागते. रहस्यकथा वाचकाला दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घ्यायला लावते आणि मग त्याला त्याची चूक दाखवते. हा धडा घरबसल्या, कोणाचेही नुकसान न होता मिळतो. धुळ्याच्या गल्लीत घडणारी, वाटणी, हुंडा, जात आणि कर्ज यांना न टाळणारी आणि तरीही पुराव्याचा करार पाळणारी कादंबरी मराठीत आली, तर ती केवळ इंग्रजी नमुन्याची नक्कल राहणार नाही.

तोवर नव्या वाचकाने फेलुदा, ब्योमकेश किंवा मिस मार्पल यांपैकी कोणापासूनही सुरुवात करावी. पुस्तकाचा दोनतृतीयांश भाग झाला, की थांबून कागदावर संशयिताचे नाव लिहावे आणि समोर पुरावाही लिहावा. नाव चटकन सुचते. पुराव्याची जागा मात्र पुष्कळदा रिकामीच राहते.