पांढऱ्या गिलाव्याचं जुनं भांडण

अमेरिकेत घरोघरी पोहण्याचे तलाव झाले, त्याचं मूळ एका टॅक्सिडर्मिस्टकडे जातं. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मेलेल्या प्राण्यांचे हुबेहूब पुतळे उभारणाऱ्या कार्ल एकलीने संग्रहालयाच्या पडझड झालेल्या भिंतींसाठी हवेच्या दाबावर सिमेंट फवारणारं यंत्र बनवलं. 1911 साली त्याचं पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात याच तंत्राने हव्या त्या आकाराचे तलाव होऊ लागले आणि आतून पांढरं सिमेंट व संगमरवराचा चुरा यांचा जेमतेम अर्धा इंच गिलावा चढला. भांडण तेव्हापासूनचं. डाग पडला की मालक गवंड्याला धरतो, गवंडी पाण्याकडे बोट दाखवतो.

पाण्याला दोष देण्यात तथ्य होतंच. बर्कलीच्या विद्यापीठातले प्राध्यापक लँजेलिअर यांनी 1936 साली शहरांच्या नळांसाठी एक निर्देशांक मांडला होता. पाणी चुना विरघळवेल की त्याचा थर बसवेल, हे त्यावरून कळतं. तलाववाल्यांनी तो उचलला. नव्या गिलाव्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात उतरतं, पीएच चढतो आणि तळाशी पांढरी भुकटी बसते. त्यावर कित्येकांनी ॲसिड ओतलं. भुकटी गेली, पण गिलाव्याची वरची घट्ट साय खरवडली गेली आणि तो खडबडीत झाला. नंतर काहींनी उलटी वाट धरली: भरतानाच पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून अल्कलिनिटी वाढवायची, म्हणजे चुना बाहेर पडण्याऐवजी पृष्ठभागातच घट्ट होतो. मला हीच वाट शहाणपणाची वाटते. साध्या पाण्याने भरलेल्या तलावात मात्र पीएच 7.2 ते 7.6 ठेवून दिवसातून दोनदा ब्रश फिरवण्याला पर्याय नाही.

पण गिलाव्यावर उमटणाऱ्या ढगांसारख्या करड्या डागांचं खापर पाण्यावर फोडता येत नाही. थंडीत गिलावा लवकर बसावा म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात; ते सिमेंटच्या 2 टक्क्यांवर गेलं की रंग बिघडतो. सुकत आलेल्या गिलाव्यावर पाणी शिंपडून गुरमाळा फिरवणं हाही गवंड्याचाच आळस. कोरड्या वाऱ्याने केसासारख्या भेगा पडतात, त्या बहुधा वरवरच्याच असतात. गिलाव्यावर उगवणाऱ्या चुन्याच्या गाठी घासून निघतात. त्याच जागी पुन्हा आल्या, तर मागे पोकळी आहे असं समजावं. ठोकल्यावर पोकळ वाजणारा भाग तोडूनच नव्याने करावा लागतो.

पुढे खडीचे गिलावे आले. ते डाग लपवतात, टाळत नाहीत.

फिनिक्स किंवा डॅलसला घर घेतलेल्या मराठी मंडळींनी कंत्राटावर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: कॅल्शियम क्लोराइड किती घालणार आणि पहिले 28 दिवस पाणी कोण सांभाळणार.