वाळूत गाडी चालते ती टायरमधल्या हवेवर

कोकणच्या किनाऱ्यावर मोटार रुतली, भरतीचं पाणी दारापर्यंत आलं आणि ट्रॅक्टर बोलवावा लागला, की बघ्यांमध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘ऑल-व्हील ड्राइव्ह असती तर निघाली असती.’ हा समज महागात पडणारा आहे. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली की ओल्या घाटात किंवा निसरड्या चढावर गाडी सावरते, हे खरं. कारण तिथे चाक घसरतं. कोरड्या वाळूत ते आधी बुडतं. सुटे कण भार पडताच बाजूला सरकतात, चाकापुढे वाळूचा उंचवटा तयार होतो आणि सपाट पुळणीवरही गाडीला सतत चढ चढावा लागतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबला तर दोनाऐवजी चार खड्डे पडतात. गाडीचा तळ वाळूला टेकला की चाकांवरचा भारच उतरतो आणि मग ताकद कितीही असो, ती वाया जाते. शहरात रोज वापरायच्या अशा बहुतेक गाड्यांचा तळ जमिनीपासून वीतभरच उंच असतो, त्यामुळे ही वेळ लवकर येते.

खरा उपाय टायरमध्ये आहे. रस्त्यावर 32 ते 35 पीएसआय असलेली हवा 18 ते 20 पर्यंत उतरवली, की टायर लांबट पसरतो, भार जास्त जागेवर वाटला जातो आणि चाक वाळूच्या वर राहतं. याने टायर खराब होतो ही शंका रास्त आहे, पण तो बिघडतो ते कमी हवेवर वेगाने पळवल्याने किंवा झटक्यात वळवल्याने. म्हणून हवा भरायचा छोटा पंप सोबत हवाच. मोठ्या रिमवरच्या बुटक्या टायरला मात्र पसरायला जागाच नसते. शिवाय चाक गरगरताच ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद कापतं आणि वाळूत जपायचा वेग नेमका तिथेच मरतो. अनेक मॉडेलमध्ये मागच्या चाकांना ताकद क्लचमार्फत मिळते. बराच वेळ झगडल्यावर तो तापतो आणि यंत्रणा मागची चाकं सोडून देते.

केरळात कण्णूरजवळच्या मुळप्पिलंगाड किनाऱ्यावर सुमारे 4 किलोमीटर साध्या दोनचाकी-ड्राइव्हच्या गाड्याही आरामात धावतात, कारण तिथली वाळू दाबून बसलेली, टणक आहे. उलट ऑस्ट्रेलियातल्या क्गारी (पूर्वीचं फ्रेझर) बेटावर किनारा हाच रस्ता मानला जातो, वेगमर्यादाही असते. तरी तिथे उंच तळाची फोर-व्हील ड्राइव्ह आणि परवाना लागतो, आणि भरतीच्या आसपास गाडी काढू नका असं सांगितलं जातं.

मग हे सगळं शिकून कोकणात का उतरू नये? कारण इथे टणक वाळूचा पट्टा ओहोटीपुरताच उघडा असतो; साधारण सहा तासांत त्यावर पाणी चढतं आणि वर उरते ती भुसभुशीत वाळू. वेळास, आंजर्ले इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं याच वरच्या वाळूत अंडी घालतात. चाकांखाली घरटी दबतात, आणि समुद्राकडे निघालेली पिल्लं खोल चाकोरीत अडकतात. मच्छीमारांचे ट्रॅक्टरही किनाऱ्यावर येतातच, हा आक्षेप खोटा नाही, पण होडी ओढणं हा त्यांचा पोटाचा व्यवहार आहे. सहलीच्या गाडीला तो आधार घेता येणार नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. वाळूतल्या ड्रायव्हिंगची हौस असेल तर ती परवानगी असलेल्या जागी, ओहोटीची वेळ पाहून भागवा. कोकणात गाडी रस्त्यालाच लावा आणि पुळणीवर पायी उतरा.