वासरावाचून चीज

चीज हा पदार्थ आपल्या पंक्तीतला नव्हे. तरी हल्ली मुलांच्या डब्यांत आणि परदेशी असलेल्या लेकीसुनांच्या स्वयंपाकघरांत तो बिनबोभाट येऊन बसला आहे, आणि त्याच्या पाठोपाठ एक वादही घरात शिरला आहे. तरुण मंडळी म्हणतात, दुधाचाच जिन्नस, त्यात विचारायचे काय? वडीलधाऱ्यांनी कोठेतरी ऐकलेले असते की त्यात वासराच्या पोटातले काही घालतात. दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धे खरे आहे. म्हणून या गोष्टीचा थोडा तपास घेण्याचे आम्ही योजिले.

दूध कशाने विरजावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. तैत्तिरीय संहितेत सान्नाय्याच्या प्रसंगी पूतीक, पळसाची साल, बोरे, तांदूळ, दही अशी निरनिराळी आतंचने सांगून त्यांचे तारतम्यही दिले आहे. (एन्झाइमला 'वितंचक' हा शब्द ज्याने योजिला त्याच्या कानात हाच धातू घुमत असावा असे आम्हांस वाटते. शाळेच्या पुस्तकांत मात्र 'विकर' रूढ झाला.) युरोपात दूधपित्या वासराच्या जठराचा चौथा कप्पा वापरीत. त्याच्या अस्तराच्या अर्कास रेनेट म्हणतात. १८७४ साली कोपनहेगन येथे ख्रिश्चन हान्सेन याने ठराविक शक्तीचे रेनेट तयार करून विकण्याचा कारखाना काढला. अर्थात त्यासाठी वासरू मारलेले असे, हे उघड आहे.

या अर्काचे सामर्थ्य कायमोसिन नावाच्या प्रथिनात असते. दुधात केसीनचे सूक्ष्म पुंजके तरंगत असतात, आणि त्यांच्या अंगावरील केसांसारखे धागे त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. हे धागे १६९ अमिनो आम्लांच्या साखळीचे असतात. कायमोसिन त्या साखळीतील १०५व्या व १०६व्या दुव्यांमधील जोड तोडते. धागे गळाले की पुंजके एकमेकांस चिकटतात, दूध गोठते आणि पाणी सुटते. आपल्या विरजणात हे काम आंबटपणा करतो, हा भेद ध्यानात ठेवावा. कायमोसिनचा विशेष असा की ते इतरत्र फारसे कापीत नाही. विसाव्या शतकात चीजचा खप वाढला आणि वासरांची जठरे अपुरी पडू लागली, तेव्हा काही बुरशींची विकरे वापरून पाहिली गेली. ती शाकाहारी होती खरी, परंतु त्यांची सुरी जागोजागी चाले. त्यामुळे पुष्कळ दिवस मुरविलेले चीज कडवट होई.

मग शास्त्रज्ञांनी निराळीच युक्ती काढली. कायमोसिन घडविण्याची आज्ञा वासराच्या पेशीतील ज्या जनुकात लिहिलेली असते, त्याची नक्कल करून ती सूक्ष्म जंतूंत घातली. जंतू तिजबरहुकूम कायमोसिन तयार करू लागले. मार्च १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने त्यास मान्यता दिली. पुढे बुरशी आणि यीस्ट यांच्याकडूनही हे काम करून घेतले जाऊ लागले. आज अमेरिकेतील चीजचा फार मोठा भाग अशाच कायमोसिनने होतो.

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. उंटाचे कायमोसिन गाईच्या दुधास गाईच्या कायमोसिनपेक्षा सुमारे सत्तर टक्के अधिक वेगाने गोठविते आणि नको तेथे फारच कमी कापते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. एकाच ग्रंथाचे दोन पाठ असावेत तशी ही दोन प्रथिने आहेत: बहुतेक अक्षरे तीच, काही निराळी, आणि गुण मात्र बराच वेगळा. मग मुद्दाम पाठभेद का करू नयेत? साखळीतील एखादे अमिनो आम्ल बदलावे, गुण तपासावा, चांगला तो ठेवावा, आणि त्यातच पुन्हा बदल करावा. एका वेगळ्या विकरावर ही रीत १९९३ साली यशस्वी करून दाखविणाऱ्या फ्रान्सेस अर्नोल्ड या विदुषीस २०१८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मूळ प्रश्न. मूळ संहिता एकदा वासराच्या पेशींवरून उतरविली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पोथीची नक्कल केली म्हणजे नव्या पोथीत जुन्या भूर्जपत्राचा कण येत नाही, तसेच या नकलेच्या नकलांतून वासराचा अंश येत नाही, आणि आता त्यासाठी वासरूही मारले जात नाही. म्हणून असे चीज शाकाहारी मानण्यास आम्हांस प्रत्यवाय दिसत नाही. ज्यांना मुळाचाच विटाळ वाटतो त्यांच्या नेमाचा आम्ही अधिक्षेप करीत नाही. त्यांच्यासाठी लिंबू पिळून केलेले पनीर आहेच.

मात्र घरातील तरुणांनीही सगळे चीज एका माळेत ओवू नये. इटलीतील पार्मिजानो रेज्जानो या प्रसिद्ध चीजच्या नियमांत वासराचेच रेनेट सांगितलेले आहे, आणि ते आजही पाळले जाते. आपल्याकडे वेष्टनावर हिरवा ठिपका पाहता येतो. परदेशी राहणाऱ्या मुलींनी वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. तीत नुसते 'रेनेट' एवढेच लिहिले असेल, तर ते कशाचे हे दुकानदारास किंवा कारखान्यास पत्र घालून विचारून घ्यावे.